रंगाच्या खालचं काम

गाडीच्या रंगाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेलाय. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगातच का मिळायची, मुंबईची टॅक्सी काळी-पिवळी कशी झाली, एसटीला लाल परी का म्हणतात, यावर लेख आहेत, पुस्तकं आहेत. पण रंग चढण्याआधी जुना रंग खरवडणारे, गंज घासणारे, पत्र्याचे खड्डे भरणारे हात या इतिहासात दिसत नाहीत. गॅरेजवर थोडा वेळ बसलं की कळतं, गन हातात घेऊन रंग मारायला एक दुपार पुरते. त्याआधीचं काम आठ-दहा दिवस चालतं. गाडी कशी दिसेल हे ती दुपार ठरवते. रंग किती वर्षं टिकेल हे आधीचे आठ दिवस ठरवतात.

हा लेख त्या आठ दिवसांबद्दल आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. गाड्यांमधला जाणकार नाही. पण माझ्या वर्गातली काही मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत गॅरेजवर जातात. विचारलं की सांगतात, ‘काम शिकतोय, सर.’ जूनमध्ये शाळेत परत येतात तेव्हा त्यांच्या नखांच्या कडांना राखाडी पूड चिकटलेली असते. त्या पुडीत नेमकं काय असतं, हे शोधायला निघालो आणि पोचलो थेट १९२१ सालात.

पावसाच्या आत

जव्हारला एसटीचं आगार आहे, मोखाड्याला स्थानक आहे. पण डोंगरातल्या पाड्यापाड्यांवरून माणसं आणते-नेते ती जीप. विक्रमगडच्या बाजूला, खोडाळ्याकडे, तोरंगणच्या घाटानं त्र्यंबककडे, सगळीकडे तीच. बाजाराचा माल, दवाखान्यात न्यायचं आजारी माणूस, लग्नाचं वऱ्हाड, दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर निघालेली आदिवासी कुटुंबं, हे सगळं तिच्या पाठीवर. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. पाड्यावर जायचं साधन मात्र तेच राहिलं.

आमच्याकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला जीपच्या पत्र्याचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. लाल चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला थापला जातो आणि तिथंच ओला राहतो. पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग ठीक दिसतो, फक्त जागोजाग बारीक फोड आलेले असतात. बोटानं दाबलं की फोड फुटतो आणि आतून तांबडी भुकटी गळते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो वरच्या रंगाला ढकलून वर काढतो. रंग खराब झाला म्हणून गंज आला असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा उलटं असतं. गंज आधीपासून खाली बसलेला असतो, त्याच्यावरच कुणीतरी घाईनं रंग मारलेला असतो.

म्हणून होळीपासून मे संपेपर्यंत गॅरेजवर गर्दी. पाऊस लागला की रंगाचं काम जवळपास बंद. त्यालाही कारण आहे. रंगातलं थिनर झपाट्यानं उडतं तेव्हा पत्रा थंड पडतो. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प बसतं आणि ओल्या रंगावर पांढुरकी झाक येते. काळी जीप राखाडी दिसायला लागते. कारागीर याला ‘रंग पांढरा पडला’ म्हणतात.

आधी वुजू

ज्या बुजुर्ग रंगाऱ्याकडून मी हे समजून घेतलं, ते गाडी धुण्याला हसत हसत ‘वुजू’ म्हणतात. ‘सर, वुजूशिवाय नमाज नाही, धुण्याशिवाय घासणं नाही.’ त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पत्र्यावर तेल, ग्रीस, पॉलिशचं मेण तसंच असताना पेपर घासला, तर ते निघत नाही, उलट पेपरानं पाडलेल्या ओरखड्यांत जाऊन बसतं. मग रंग मारताना तिथं तो धरत नाही, गोल गोल डोळे पडतात. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग फडक्यावर थिनर घेऊन पुसणं, आणि हे सगळं पेपर हातात घेण्याआधी.

मग गाडी उघडी करायची. बंपर, दिवे, आरसे, नंबरप्लेट, काचेभोवतीचं रबर, जे निघेल ते काढायचं. घाई असेल तिथं रबर न काढताच रंग मारतात. वर्षभरात नेमका त्या कडेनं रंग सुटायला लागतो.

त्यानंतर जुन्या रंगाची परीक्षा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं एका कोपऱ्यावर ठेवायचं. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो लॅकर. विरघळला नाही, पण सुरकुत्या पडून उचलला गेला, तर तो इनॅमल. इनॅमलवर थेट लॅकर मारला की त्यातलं थिनर खालच्या थराला चावतं आणि सगळा रंग उकळल्यासारखा वर येतो. ही दोन मिनिटांची परीक्षा न करता केलेलं आठ दिवसांचं काम एका दुपारी वाया जातं.

मग खरवडणं. पत्री, तारेचा ब्रश, ८० नंबरचा पेपर. गंजाच्या जागी पत्रा चकचकीत होईपर्यंत. जिथं पत्रा जाळीदार झालाय तिथं कापून नवा तुकडा वेल्डिंग करायचा. तिथं लांबी भरणं म्हणजे कुजक्या भिंतीला चुना लावणं. चेपलेला पत्रा हातोडी आणि डॉलीनं ठोकून जितका जमेल तितका सरळ करायचा. उघडा झालेला पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही, त्याच दिवशी त्याला अस्तर द्यायचं.

अस्तरावर लांबी, म्हणजे पुट्टी. ती पातळ हवी. जाड थापली तर आमच्या रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी तडकते. मग पुन्हा घासणं. १८०, ३२०, ४००, ६००, असा जाड पेपराकडून बारीक पेपराकडे प्रवास. पेपर नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या खोबणी उमटतात, म्हणून तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा. उंचसखलपणा डोळ्यांना दिसत नाही. उस्ताद डोळे मिटून तळहात फिरवतात. ‘डोळा फसतो, हात नाही फसत.’ शंका आली तर त्यावर काळ्या रंगाची हलकी फवारणी करून पुन्हा घासतात. उंच जागेवरचा काळा निघून जातो, खड्ड्यातला राहतो, आणि खड्डा कुठं आहे ते कळतं.

शेवटी काचा आणि दिवे झाकायला चिकटपट्टी आणि जुनी वर्तमानपत्रं. ही मास्किंग टेपसुद्धा गाडीच्या रंगकामातूनच जन्माला आली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात दोन रंगांच्या गाड्यांची टूम निघाली होती. रंगाच्या सीमेवर चिकटवलेला कागद काढताना ताजा रंगच सोलून निघायचा आणि कारागीर वैतागायचे. ते पाहून रिचर्ड ड्रू या तरुणानं १९२५ साली हलक्या चिकटीची पट्टी तयार केली. आमच्या उस्तादांची त्यात एक भर आहे. उर्दू वर्तमानपत्र ते झाकायला वापरत नाहीत, त्यावर अल्लाहचं नाव असू शकतं. आणि मराठी पेपरात देवाचं चित्र आलं, तर तेवढा तुकडा फाडून घडी घालून फळीवर ठेवतात.

थराखाली थर

जुन्या जीपचं बॉनेट घासताना एक गंमत दिसते. पेपर वर्तुळात फिरतो आणि मधून बाहेर एकेक थराची कडा उघडी पडते, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी. एका जीपवर मी वरून पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली तांबडं अस्तर आणि सगळ्यांत तळाशी फौजी हिरवा असे थर पाहिले. लष्करानं लिलावात काढलेली गाडी असणार. हा हिरवा खाली दडपला जातो तो कायद्यानं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणालाही ऑलिव्ह हिरवा रंग वापरता येत नाही.

जीपच्या नावाखालीही असाच एक थर आहे. दुसऱ्या महायुद्धानं जगाला विलीज जीप दिली. भारतात तिची जुळणी करणाऱ्या कंपनीचं नाव १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असं होतं. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरल होते. इकडे कंपनी १९४८ साली ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. मोखाड्याच्या चढावर धापा टाकणाऱ्या जीपच्या वंशावळीत फाळणीची एक रेष अशी दडलेली आहे. ती कुणी लपवलेली नाही, फक्त वरून दिसत नाही.

एसटीची गोष्ट तर सरळसरळ गंजाचीच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली बस धावली. तेव्हा बॉडी लाकडी होती, आसनं काथ्याची, रंग निळा आणि टप चंदेरी. पुढं पोलादी बॉडी आली. पण कोकणाच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद गंजायला लागलं, म्हणून ॲल्युमिनियमची बॉडी आली. रंगही बदलून लाल झाला. लोकांच्या लक्षात लाल रंग राहिला. पण ॲल्युमिनियमवर रंग सहजासहजी धरत नाही, त्याला वेगळं अस्तर लागतं, घासायची पद्धत वेगळी लागते. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये कामगारांच्या पिढ्यांनी ते सगळं नव्यानं शिकून घेतलं. लाल परीच्या कौतुकात त्यांचा उल्लेख क्वचित येतो.

अस्तर, रोगण, गेरू

भाषा शिकवणाऱ्या माणसाला गॅरेज ही पर्वणीच आहे. तिथल्या शब्दांचेही थर आहेत. वरचा थर इंग्रजी: प्रायमर, थिनर, गन, कोट. जरा खरवडलं की फारसी-अरबी लागते. अस्तर हा फारसी शब्द, कपड्याच्या आतल्या बाजूचं कापड. शेरवानीचं अस्तर आणि जीपचं अस्तर एकच काम करतात. दिसत नाहीत, पण वरच्याला बसायला जागा देतात. रोगण, सफेदा, कारागीर, दुरुस्ती, मरामत, उस्ताद, शागीर्द, हे सगळे तिकडूनच आलेले आणि मराठीत मुरलेले. उर्दूत गंजाला ‘ज़ंग’ म्हणतात आणि लढाईला ‘जंग’. उर्दू लिपीत दोन्हींची अक्षरं वेगळी. मराठीत नुक्ता नाही, म्हणून लोखंडाला लागलेला जंग आणि सरहद्दीवरची जंग सारखीच दिसतात. माझ्या वर्गातली मुलं यावर हमखास हसतात.

या डोंगरात फारसी नवखी नाही. जव्हारच्या मुकणे घराण्याला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली, अशी परंपरा आहे. तो सुलतान मुहम्मद बिन तुघलक. ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं.

शब्दांचा आणखी खालचा थर इथल्या मातीचा आहे: पत्रा, लेप, लांबी, गेरू. या गेरूशी गॅरेजचं नातं आहे, हे मला उशिरा कळलं. वारली चित्राची भिंत तयार करताना कारवीच्या कुडाला आधी शेणामातीचा लेप देतात, मग गेरू फिरवतात, आणि मग त्यावर तांदळाच्या पिठानं पांढरी चित्रं येतात. गेरू म्हणजे लोखंडाच्या ऑक्साईडची माती. आणि गॅरेजमधलं तांबडं अस्तर, ज्याला आपण रेड ऑक्साईड म्हणतो, तेही लोखंडाचंच ऑक्साईड. पाड्यावरची भिंत आणि रस्त्यावरची जीप, दोघींना रंगाआधी एकाच कुळातली तांबडी पूड लावली जाते. खुद्द गंजही त्याच कुळातला.

लग्नाचा चौक पूर्वी सवाशिणीच काढायच्या. लेप आणि गेरू हेही बायांचंच काम. पुढं हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आलं, जगभर गेलं. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण भिंत सारवणाऱ्या एकाही बाईचं नाव आपल्याला सांगता येत नाही. गॅरेजवरही हेच. गिऱ्हाईक विचारतं, ‘रंगाचे किती?’ घासण्याचे किती, असं कुणी विचारत नाही.

तांबड्या अस्तराची दुसरी जात मात्र निरुपद्रवी नाही. लोखंडी पूल, जहाजं, गाड्यांचे सांगाडे यांना गंजापासून वाचवण्यासाठी जगभर ‘रेड लेड’ वापरलं जायचं. रेड लेड म्हणजे शिशाचं ऑक्साईड, म्हणजे आपला शेंदूर. सफेदा हाही मूळचा शिशाचा. टॅक्सी-जीपच्या टपावरच्या पिवळ्यातही अनेकदा शिशाचंच रंगद्रव्य असतं, त्याला लेड क्रोमेट म्हणतात. रंग पत्र्याला घट्ट चिकटून आहे तोवर हे शिसं निमूट असतं. घासायला लागलं की ते धूळ होतं.

१९२१

मोटारी येण्याआधी घोड्याच्या बग्ग्या रंगवल्या जात. त्या रंगकामात शिशाचा सफेदा भरपूर वापरायचे. एकावर एक थर चढवायचे, प्रत्येक थर वाळला की घासायचा. एक गाडी पुरी व्हायला कित्येक आठवडे लागत. मोटारींनी सुरुवातीला हीच पद्धत उचलली. कोरडं घासताना उडणारी पूड रंगाऱ्यांच्या पोटात आणि फुप्फुसात जायची. पोटात असह्य कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळं पडणं, ही लक्षणं डॉक्टरांना इतकी परिचित होती की त्या पोटशुळाला युरोपात रंगाऱ्याचंच नाव मिळालं होतं.

१९२१ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची तिसरी परिषद भरली. तिनं रंगकामातल्या सफेद्याविषयी एक करार मंजूर केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरायला, थोडे अपवाद सोडून, बंदी. शिशाच्या सफेद्याचा संबंध असलेल्या औद्योगिक रंगकामावर स्त्रियांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना ठेवायचं नाही. कोरडं घासताना आणि खरवडताना उडणाऱ्या धुळीपासून, शक्य तिथं, बचावाची व्यवस्था करायची. कामगारांना हात धुण्याची सोय हवी, कामाचे कपडे वेगळे हवेत, आणि घरच्या कपड्यांवर धूळ बसू नये याची काळजी हवी. शंभर वर्षांपूर्वीचा हा कागद आज वाचताना आपल्याच गल्लीतल्या गॅरेजवर बसून लिहिल्यासारखा वाटतो. भारत १९१९ पासून या संघटनेचा सभासद आहे.

त्याच १९२१ साली अमेरिकेत दुसरी एक गोष्ट घडली. फिलाडेल्फियात शाई तयार करणारा फ्रान्सिस ओकी नावाचा माणूस होता. त्यानं पाण्यानं न विरघळणारा घासपेपर शोधून काढला. त्या शोधाचे हक्क पुढं थ्रीएम म्हणून प्रसिद्ध झालेल्या कंपनीनं घेतले, आणि गाड्यांच्या कारखान्यांत ओलं घासणं सुरू झालं. पाण्यात घासलं की पृष्ठभाग जास्त गुळगुळीत होतो आणि धूळ हवेत न उडता पाण्याबरोबर वाहून जाते. आपल्या बाजारात त्याला ‘पाणी पेपर’ म्हणतात. म्हणजे एकाच वर्षी धुळीविरुद्धचा नियमही जगासमोर आला आणि धूळ बसवणारं साधनही.

दोन-तीन वर्षांत ड्यूको आला. हा झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तो झळकला आणि आठवड्यांचं रंगकाम दिवसांवर आलं. रंग एवढा वेगवान झाला; घासणं मात्र हातानंच चालू राहिलं. आजही आपल्याकडे फर्निचरवाले आणि गॅरेजवाले ‘ड्यूको पेंटिंग’ची पाटी लावतात.

शिसं कुठं उरलं?

उस्तादांना विचारलं, सगळं ओलं का घासत नाही? त्यांचं उत्तर आळशी माणसाचं नव्हतं. उघड्या पत्र्यावर पाणी घातलं की घटकाभरात तांबूस झाक धरते. लांबी पाणी पिते. ते आत राहिलं तर रंगाखाली फोड येतात. म्हणजे नेमकं खरवडण्याचं आणि लांबीचं काम, जिथं सर्वांत जास्त धूळ उडते, तेच कोरडं करावं लागतं. अस्तरावरचं आणि जुन्या शाबूत रंगावरचं घासणं मात्र ओलं करता येतं. तिथंही पाण्याची बादली भरायचा कंटाळा किंवा पाण्याची टंचाई आड येते. उन्हाळ्यात मोखाड्याकडच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. तिथं पत्र्यावर पाणी ओतणं कुणाच्या जिवावर येत असेल, तर तो फार मोठा गुन्हा नाही.

पण म्हणून धूळ कमी विषारी होत नाही. भारतात २००० सालापर्यंत पेट्रोलमधलं शिसं गेलं. २०१६ मध्ये घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगात दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त भाग शिसं चालत नाही. म्हणजे गाडीच्या टाकीतलं गेलं, घराच्या भिंतीवरचं गेलं. गाडीच्या अंगावरचा रंग मात्र त्या नियमात येत नाही. आणि उद्या आला, तरी आज रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांच्या पोटातले थर तसेच आहेत. ते कुणीतरी घासणारच आहे.

तो कुणीतरी कोण, हा माझा प्रश्न आहे. आपल्या समाजात वडील मुलाला गॅरेजवर नेऊन सोडतात. शिक्षणानं नोकरी लागेल याची खात्री नाही, हुन्नर मात्र उपाशी मारत नाही, असा हिशेब. हा हिशेब खोटा आहे असं मी म्हणणार नाही. कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या आहेत. पण नवख्या शागीर्दाच्या हातात गन देत नाहीत, पेपर देतात. सगळ्यांत लहान मुलगा सगळ्यांत जास्त धूळ खातो. शिसं मोठ्या माणसाला आजारी करतं, पण लहान मुलाच्या मेंदूची वाढच खुंटवतं. लक्ष लागत नाही, शिकलेलं टिकत नाही. बी.एड.ला आम्हाला ‘मंद अध्ययन’ करणाऱ्या मुलांची कारणं शिकवली होती, घर, गरिबी, भाषा, कुपोषण. नखांतल्या पुडीचं कारण त्या यादीत नव्हतं.

कायदा स्पष्ट आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बाहेर कुठंही कामाला ठेवता येत नाही आणि १८ वर्षांखालच्यांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्याची सवलत आहे, तीही धोक्याचं काम वगळून. १९२१ च्या करारातही १८ हेच वय आहे. पण पोरगं घरी बसून काय करणार, हा प्रश्न कायदा सोडवत नाही. तो आपल्याला सोडवायचा आहे, शाळेला आणि मोहल्ल्याला मिळून. हुन्नर शिकायचाच असेल, तर दहावीनंतर आयटीआय आहे. तिथं हेच काम वयात आल्यावर शिकता येतं, आणि प्रमाणपत्रही मिळतं.

तोवर मी मला जमणारं एक काम केलंय. एका पानावर आठ ओळी लिहिल्या, एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत. अस्तर आणि जुना शाबूत रंग पाण्यानंच घासा. कोरडं घासायचं तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. तोंडाला रुमाल नको, एन-९५ मास्क हवा. फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपानं धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. डबा उघडण्याआधी आणि चहाआधी साबणानं हात-तोंड धुवा. कामाचे कपडे गॅरेजवरच बदला, घरी नेऊन मुलांच्या कपड्यांत मिसळू नका. पिवळा, तांबडा आणि फार जुना रंग जास्त धोक्याचा समजा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात पेपर देऊ नका.

उस्तादांनी उर्दूची बाजू वाचली, मग पान उलटून मराठीची. म्हणाले, ‘सर, कपड्यांचं खरंय. माझी नात रोज संध्याकाळी पळत येऊन असंच बिलगते.’ त्यांनी ते पान गनच्या खुंटीशेजारी चिकटवलं, मास्किंग टेपनं. जव्हार आणि मोखाड्यातल्या आणखी काही गॅरेजवर ते मी नेऊन दिलंय. कुणाला आपल्या गावासाठी हवं असेल तर या आठ ओळी उतरवून घ्या, माझं नाव टाकायची गरज नाही.